न दिलेला तलाक

"मॅडम, निकाह अल्लाहच्या नावानं झालाय. कोर्टाच्या कागदानं तुटला तर मला गुनाह लागेल का?"

सोलापूरच्या विडी कामगार वस्तीतली ती. वय तिशीच्या आतलं. बोलताना ओढणीचं टोक बोटांत घेऊन विडी वळावी तसं वळत होती, सोडत होती, पुन्हा वळत होती. नवरा भिवंडीला यंत्रमागावर गेला आणि तिथंच त्यानं दुसरा संसार थाटला. तीन वर्षांत एक पैसा पाठवला नाही. तलाक देत नाही, खुला, म्हणजे बायकोनं नवऱ्याच्या संमतीनं घेतलेली सुटका, मागितला तर त्यालाही राजी होत नाही. "राहू दे तशीच," असा निरोप त्यानं धाडला होता.

टीव्हीवर चर्चा झाली ती दिलेल्या तलाकची. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, 2019 मध्ये तो गुन्हा झाला. ते व्हायलाच हवं होतं. 1966 मध्ये हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तेव्हापासून महाराष्ट्र ही मागणी ऐकत आलाय. पण माझ्यासमोर येऊन बसतात त्या कितीतरी बायकांचं दुखणं न दिलेल्या तलाकचं असतं. त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

तिचा प्रश्न मला नवा नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत मी अशा प्रश्नाला संविधानानं उत्तर द्यायचे. बाई मान हलवायची, आणि पुन्हा यायची नाही. मी तिला कायदा आणि ईमान यांतलं एक निवड म्हणत होते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. म्हणून या वेळी म्हटलं, "पुढच्या वेळी अब्बांना घेऊन ये."

अब्बा आले. पांढरी दाढी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला निकाहनामा. बसायच्या आधीच म्हणाले, "शरियतमध्ये सरकारची ढवळाढवळ आम्हाला नको."

मी आलिम, म्हणजे धर्मपंडित, नाही, हे त्यांना आधीच सांगितलं. मग 1939 चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा सांगितला. आपल्याकडचे बहुतेक सुन्नी मुसलमान मानतात त्या हनफी मतानुसार नवरा परागंदा झाला, पोसेनासा झाला, तरी बायकोला सुटायला वाट जवळजवळ नव्हती. पंजाबात काही बायका शेवटी धर्मच सोडू लागल्या, कारण धर्म सोडला की निकाह तुटला असं तेव्हा कोर्टं मानत. उलेमा हादरले. देवबंदी परंपरेतले मोठे आलिम अशरफ अली थानवी यांनी या बाबतीत मालिकी या दुसऱ्या सुन्नी मजहबातल्या, म्हणजे विधिपरंपरेतल्या, तरतुदी घ्याव्यात, असं सविस्तर मांडलं. जमियत उलेमा-ए-हिंद या उलेमांच्या संघटनेनं बळ दिलं आणि कायदा झाला: नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल, दोन वर्षं त्यानं पोसलं नसेल, तर बाई कोर्टातून निकाह मोडून घेऊ शकते.

"म्हणजे मौलानांनीच मागितला होता?"

"हो. पण न्यायाधीश मुसलमान असावा ही अट त्यांना हवी होती, ती गाळली गेली. त्यावर ते नाराज होते."

ही शेवटची गोष्ट लपवता आली असती. पण अब्बांना ती उद्या मोहल्ल्यात कुणीतरी सांगितलीच असती, आणि मग माझं बाकीचं सगळं खोटं ठरलं असतं. आजही काही आलिम नुसत्या कोर्टाच्या निकालावर समाधान मानत नाहीत. म्हणून दोन्ही दारं ठोठवायचं ठरलं. आधी दारुल कझा, म्हणजे शरियतनुसार निवाडा करणारं काझींचं पीठ. तिथल्या निवाड्याला कायद्याचं बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये स्पष्ट केलंय, पण तिच्या मनाला त्याचं बळ होतं आणि मला तेवढं पुरेसं होतं. सोबत कोर्टात अर्ज. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, बाईसाठी उत्पन्नाची अट नाही. हे दर वेळी सांगावं लागतं, कारण कुणाला ठाऊकच नसतं.

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग हलक्या आवाजात अरबीतले काही शब्द म्हणाले आणि लेकीकडे वळले. कुराणातल्या सूरह निसामधली 129 वी आयत होती. एकीकडे पुरते झुकून दुसरीला लटकत ठेवू नका, असं नवऱ्यांना तिथं बजावलंय. "मुअल्लका," ते म्हणाले. "लटकलेली. लहानपणापासून पढतोय. माझ्याच घरात आहे हे दिसलं नाही."

ती ओढणी वळायची थांबली.

दारुल कझाच्या नोटिसांना नवऱ्यानं उत्तर दिलं नाही. तिथून निकाह फस्ख, म्हणजे रद्द, केल्याचा कागद मिळाला. कोर्टात तारखांवर तारखा पडल्या. त्या दिवशी मजुरी बुडायची, पण एकही तारीख तिनं चुकवली नाही.

निकालाच्या संध्याकाळी तिचा फोन आला. "लागला, मॅडम." मागून विड्यांचे कट्टे मोजल्याचा आवाज येत होता. मग जरा थांबून तिनं विचारलं, "इद्दत आजपासून धरायची, की दारुल कझाच्या कागदापासून?" इद्दत म्हणजे निकाह तुटल्यावर, दुसरा करण्याआधी, बाईनं पाळायची मुदत.

"ते मी नाही सांगायचं. मुफ्तीसाहेबांना विचार."

"अब्बा, चप्पल घाला," ती फोन न ठेवताच म्हणाली.