विमीच्या बोगद्यात उभं राहून काय बोलायचं?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत. कॅनडात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना फ्रान्समधल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकांवर स्टुडंट गाईड म्हणून जायचंय, आणि त्यांच्याइतकेच प्रश्न त्यांच्या आईवडिलांनाही पडलेत. मी कॉलेजात असताना त्यातल्याच विमीला, म्हणजे विमीच्या टेकडीवरच्या कॅनडाच्या स्मारकावर, गाईड होते, पुढे नवीन गाईड्सना शिकवलंही, त्यामुळे या सगळ्यांना इथेच सविस्तर उत्तर देतेय.

ताई, मी कॅनडात बायोलॉजी शिकतेय. शाळा सुटल्यापासून इतिहासाचं पुस्तक उघडलेलं नाही, फ्रेंच येतं पण बोलताना अडखळते. मी अर्ज केला तर हसतील का मला?

अजिबात नाही, कर अर्ज. हा कार्यक्रम कॅनडा सरकारचं व्हेटरन्स अफेअर्स खातं चालवतं आणि त्यातून विद्यार्थ्यांना दोन जागी पाठवतात, एक विमी आणि दुसरं बोमाँ-हामेल, दोन्ही उत्तर फ्रान्समध्ये. पगारी काम आहे, साधारण चार महिन्यांची टर्म असते आणि वर्षभर आलटून पालटून बॅचेस जातात. नागरिकत्वाच्या आणि फुलटाइम शिक्षणाच्या अटी अर्जासोबत दिलेल्या असतात, त्या आधी नीट वाच, कारण उत्साहाच्या भरात लोक नेमक्या त्याच वाचत नाहीत. इतिहासाचीच डिग्री हवी असं काही नाही, माझ्यासोबत नर्सिंगची मुलं होती, इंजिनीअरिंगची होती, आणि खरं सांगू का, पाहुण्यांचे प्रश्न ऐकून घेण्यात तीच जास्त चांगली होती.

फ्रेंचचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. इंग्लिश आणि फ्रेंच दोन्हीत टूर द्यावी लागते, आणि समोर चाळीस फ्रेंच शाळकरी पोरं उभी असली की पाठ केलेली वाक्यं पाचव्या मिनिटाला संपतात. व्याकरणाची धास्ती सोड, पण खंदक, तोफखाना, सुरुंग, जखमी, बेपत्ता असे शब्द आत्तापासून तोंडात बसव, रोज एखादी गोष्ट मोठ्याने फ्रेंचमध्ये सांगायची सवय लाव, भिंतीला सांगितलीस तरी चालेल.

आमची मुलगी निवडली गेलीय. ती आनंदात आहे, पण मला झोप नाही. तिथे म्हणे अजूनही न फुटलेले बॉम्ब आहेत, वर बोगद्यात काम. आणि चार महिने रोज मेलेल्या माणसांबद्दल बोलायचं, मनावर काय परिणाम होईल हो?

काकू, आधी बॉम्बचं सांगते. हो, जमिनीत न फुटलेले गोळे आजही आहेत. म्हणूनच विमीच्या जंगलातला बराच भाग कुंपण घालून कायमचा बंद ठेवलाय, आणि तिथलं गवत कापायला मशीन नेत नाहीत, मेंढ्या सोडतात. गाईड असोत वा पाहुणे, कुणीच कुंपणापलीकडे जायचं नाही हा नियम आहे. उलट गाईडच इतरांना हटकत असतात की बाबांनो पायवाट सोडू नका. बोगद्याचंही तसंच, ग्रेंज नावाच्या बोगद्याचा मजबूत करून घेतलेला थोडाच भाग बघायला उघडा आहे आणि तिथे गाईडशिवाय कुणाला सोडत नाहीत. आत गारवा असतो, उन्हाळ्यातही जॅकेट लागतं, एवढंच.

मनाचा प्रश्न जास्त खरा आहे. बहुतेक मुलं अरास शहरात राहतात, विमीपासून जवळच, एकमेकांच्या सोबतीने राहतात, स्वयंपाक करतात, सुट्टीत फिरतात, म्हणजे चोवीस तास स्मशानकळा असते असं मनात आणू नका. पण एखादा दिवस जड जातो. कुणीतरी आजोबांचा फोटो घेऊन येतं, भिंतीवर नाव शोधतं, सापडल्यावर तिथेच उभं राहून रडतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या पोरीला काय करावं सुचत नाही. अशा संध्याकाळी तिचा फोन आला तर समजवायला जाऊ नका, नुसतं ऐका. दुसऱ्या दिवशी ती परत टूर देईल, आणि आदल्या दिवसापेक्षा चांगली देईल.

मी निवडला गेलोय, पुढच्या टर्मला जाणार. वाचायचं साहित्य खूप आहे, तारखा-आकडे डोक्यात राहत नाहीत. टूर पाठ कशी करायची? आणि ट्रेनिंगमध्ये नक्की काय शिकवतात?

तुझ्या प्रश्नाला सगळ्यात मोठं उत्तर देणारे, कारण खरी मेख इथेच आहे. पाठ करू नकोस. ट्रेनिंगमध्ये वाचन असतंच, पण खरं शिकणं होतं ते जुन्या गाईडच्या मागे मागे फिरून. तो कुठे थांबतो, कुठे तोंड बंद ठेवतो, गोंधळ घालणाऱ्या पोरांना कसं सांभाळतो ते बघायचं, मग त्याच्यासमोर आपली टूर द्यायची आणि तो सांगेल तसं पुन्हा द्यायची. आपलं काम एवढंच की माणूस जिथे उभा आहे तिथे काय घडलं ते त्याला नेमकं कळलं पाहिजे. जगाचं महायुद्ध त्याला घरी वाचता येईल, पण समोरचा खंदक फक्त आपणच दाखवू शकतो.

म्हणून जागेपासून सुरुवात कर. ग्रेंजच्या भागात दोन्ही बाजूंचे पुढचे खंदक काही ठिकाणी जेमतेम २५ मीटरवर आहेत. नुसतं "२५ मीटर" म्हणालास तर कुणाला काहीच वाटत नाही, पण एका पोराला कॅनडाच्या खंदकात उभं कर, दुसऱ्याला जर्मन खंदकात, आणि साध्या आवाजात एकमेकांशी बोलायला सांग, मग बघ पूर्ण ग्रुप कसा गप्प होतो. त्याच खंदकात कुणीतरी हमखास विचारणार की इतक्या वर्षांत ही वाळूची पोती कुजली कशी नाहीत. ती काँक्रीटची आहेत, लढाईनंतर खंदक टिकावेत म्हणून तशी बनवून बसवली. हे स्वतःहून सांग, लपवू नकोस. जे मूळचं नाही ते मूळचं नाही म्हणून सांगणारा गाईड असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही लोक विश्वास ठेवतात.

आता आकडे. थोडेच लक्षात ठेव, पण कुठला आकडा कशाचा आहे ते पक्कं हवं. विमीची लढाई ९ ते १२ एप्रिल १९१७, समोर जर्मन सैन्य, पहिला दिवस ईस्टरचा सोमवार, पावसाळी बर्फ आणि बोचरा वारा. कॅनडाच्या चारही डिव्हिजन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, पहिल्यांदाच एकत्र लढल्या. ३,५९८ जण मारले गेले, जखमी धरले तर एकूण आकडा १०,६०२. आणि स्मारकाच्या भिंतीवर नावं किती, तर ११,२८५. इथेच सगळे गोंधळतात, त्यांना वाटतं हे विमीत मेलेले. तसं नाहीये! पूर्ण युद्धात फ्रान्समध्ये मारले गेलेले आणि ज्यांची थडगी माहीत नाहीत अशा कॅनेडियन सैनिकांची ती नावं आहेत. बेल्जियममध्ये अशाच हरवलेल्यांची नावं तिथल्या ईपर शहरातल्या मेनिन गेट या स्मारकावर आहेत.

बोमाँ-हामेलला पोस्टिंग मिळालं तर तिथे ६८ हा आकडा रोज ऐकशील. १ जुलै १९१६, सोम नदीकाठच्या लढाईचा पहिला दिवस, न्यूफाउंडलँड रेजिमेंटचे सुमारे ८०० जण उघड्या उतारावरून पुढे गेले आणि अर्ध्या तासात सगळं संपलं, दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला ६८ जण. पाहुणा चटकन म्हणतो, म्हणजे बाकी सगळे मेले. नाही, ३२४ मारले गेले किंवा बेपत्ता होऊन मृत धरले गेले, ३८६ जखमी झाले. हे सांगितल्याने दुःख कमी होत नाही, उलट त्या ३८६ जणांचं पुढचं आयुष्य डोळ्यांपुढे येतं, ज्यांच्याबद्दल कुणी विचारतच नाही. आणि हेही सांगायचं की न्यूफाउंडलँड तेव्हा कॅनडात नव्हतंच, ते १९४९ साली आलं. त्यामुळे १ जुलैला बाकी देश कॅनडा डे साजरा करतो आणि न्यूफाउंडलँडचे लोक त्याच सकाळी आपल्या मेलेल्यांची आठवण काढतात. तिथून आलेला ग्रुप असेल तर हे त्यांना तू समजावायची गरज नाही, त्यांना बोलू दे.

एक गोष्ट मी प्रत्येक नवीन गाईडला सांगायचे, तुलाही सांगते. "विमीला कॅनडा देश जन्मला" हे वाक्य तुला सगळीकडे भेटेल. लोकांना ते मनापासून वाटतं, त्याचा मान ठेव, पण टूर तेवढ्यावर उभी करू नकोस. त्या टेकडीसाठी १९१५ साली फ्रेंच सैन्याने जिवाचं रान केलं होतं, त्या भागातल्या लढायांत त्यांचे एक लाखाहून जास्त सैनिक मेले किंवा जखमी झाले, मोरोक्कन डिव्हिजन तर मे १९१५ मध्ये माथ्यापर्यंत पोचली होती आणि मागून कुमक न आल्याने मागे हटली. त्यांचं स्मारक कॅनडाच्या स्मारकाच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे आहे. पाहुणे त्याकडे न बघता पार्किंगकडे निघून जातात, याचं मला आजही वाईट वाटतं. फ्रेंच शाळेचा ग्रुप असेल तर टूर तिथूनच सुरू कर. १९१७ मध्येही कॅनेडियन एकटे नव्हते, ब्रिटिश तोफखाना होता, बोगदे खणणाऱ्या ब्रिटिश कंपन्या होत्या, वरचा सेनापती जनरल बिंग हाही ब्रिटिशच. त्यांचं नाव घेतल्याने कॅनडाचं काही कमी होत नाही.

स्मारकाबद्दल थोडं. शिल्पकार वॉल्टर ऑलवर्ड, बांधकामाला अकरा वर्षं लागली, २६ जुलै १९३६ ला राजा आठवा एडवर्ड याच्या हस्ते उद्घाटन झालं. दगड आजच्या क्रोएशियातून आणला. यापेक्षा जास्त बोलू नकोस, लोकांना वर चढून त्या शोक करणाऱ्या स्त्रीच्या मूर्तीजवळ जाऊ दे आणि खालचं मैदान बघू दे. तिथून मैलोन् मैल दिसतं, टेकडी एवढी मोलाची का होती ते मग सांगावं लागत नाही.

आणि उत्तर येत नसेल तर "बघून सांगतो" म्हण, खरंच बघ, आणि पाहुणा निघायच्या आत सांग.

आमच्या मुलाचं हे खूळ मला पटत नाही. ते युद्ध इंग्रजांचं, स्मारक कॅनडाचं. आपला काय संबंध?

काका, तुमचा मुलगा विमीला गेला की एका सुट्टीच्या दिवशी त्याला उत्तरेकडे नव्ह-शापेलला जायला सांगा, गाडीने तासाभराचाही रस्ता नाही. तिथे फक्त हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ सालचं, गोल भिंत, मधे उंच स्तंभ, आणि ४,७०० हून जास्त नावं. मार्च १९१५ मध्ये त्या गावावर हल्ला चढवणारं जवळपास निम्मं सैन्य आपल्याकडचं होतं. विमीला येणाऱ्या शेकडो लोकांपैकी फारच थोडे तिथे जातात. तुमचा मुलगा गाईड असला आणि कुणी विचारलं की इथे आणखी काय बघण्यासारखं आहे, तर हे नाव सांगणारा निदान एक माणूस तिथे असेल. संबंध यापेक्षा जास्त काय हवा? आणि समजा काहीच संबंध नसता, तरी वीस-बावीस वर्षांची पोरं चिखलात मेली हे समजून घ्यायला त्यांचा पासपोर्ट बघायची गरज मला तरी वाटत नाही.

माझे पणजोबा मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात गेले ते परत आले नाहीत एवढंच घरात माहीत आहे. फ्रान्सच्या स्मारकावर त्यांचं नाव शोधायचं असेल तर कुठल्या गाईडला विचारू?

फ्रान्सच्या आधी इराककडे बघा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या, ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढली आणि एप्रिल १९१६ मध्ये कूतला शरण गेली. पुढे कैदेतही खूप जण मेले. युद्धात मेलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाईटवर नाव, पलटण, तारीख टाकून शोधता येतं. नावाचं स्पेलिंग चार-पाच प्रकारे करून बघा, कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलंय, आणि आडनावाऐवजी कित्येकदा नुसतं नाव आणि वडिलांचं नाव असतं. बसराच्या स्मारकावर ब्रिटिशांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली फक्त आकडा टाकला. या असमान वागणुकीबद्दल कमिशनने २०२१ साली अहवाल काढून जाहीर माफी मागितली. त्यामुळे दगडावर नाव नसलं तरी नोंदीत असू शकतं. नोंद सापडली की पलटण आणि सैनिक क्रमांक आधी उतरवून घ्या, पुढचं सगळं शोधणं त्या दोन गोष्टींवरच चालतं.