नाटकात त्याला मारू नकोस

«ताई,
माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. २४ व्या वर्षी बायपोलरचं, म्हणजे मन कधी उधाणतं तर कधी पार खचतं त्या आजाराचं, निदान झालं, दारू त्याच्याही आधीपासून होती. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. आता १४ महिने झाले, थेंबही घेतलेला नाही, गोळ्या वेळेवर चालू आहेत. मी हौशी नाटकवाली. मनाच्या आजाराला आणि व्यसनाला चिकटलेला कलंक पुसायला कला कामी यावी, म्हणून त्याच्यावर एकांकिका लिहिली. गटात सगळ्यांना आवडली. शेवटी भाऊ मरतो तिथे तर दिग्दर्शकाचेही डोळे भरून आले. मग त्याला वाचायला दिली. त्याने रात्रभर जागून वाचली आणि सकाळी म्हणाला, 'तुला हवं ते कर.' तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. आई म्हणते, घरातलं चव्हाट्यावर कशाला? पण कुणीतरी बोलायलाच हवं ना? प्रयोग सहा आठवड्यांवर आलाय. संहिता सोबत पाठवते. माझं काही चुकतंय का?
विंगेतली»

प्रिय विंगेतली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तू दिग्दर्शकाच्या डोळ्यांतल्या पाण्यात बुडवून टाकलंस. 'शेवटी भाऊ मरतो तिथे.' मी संहिता वाचत तिथवर आले आणि कागद बाजूला ठेवले. नाटकातला भाऊ चष्मा शर्टाच्या टोकाने पुसतो, बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडतो, केंद्रातून घरी पत्र लिहितो. हे काही तू कल्पनेने रचलेलं नाहीस, ते वाचताना कळतं. म्हणजे त्याचं सगळं खरं घेतलंस आणि शेवट तेवढा खोटा जोडलास. खरा भाऊ पलीकडच्या खोलीत आहे. १४ महिने एकेक दिवस करून त्याने मिळवलेत. आणि एका रात्री बसून त्याने स्वतःचं मरण वाचलं, बहिणीच्या अक्षरात.

'तुला हवं ते कर' याला होकार समजू नकोस. आपल्या घरांत हे वाक्य दार लावून घेताना म्हणतात.

नाटकाआधी एक काम आहे, ते आजच कर. तो रात्रभर जागला असं तू सहज लिहून गेलीस. बायपोलर असलेल्या माणसाची झोप ही सहज घेण्याची गोष्ट नाही, झोप उडणं हे पुढच्या झटक्याचं पहिलं लक्षण असू शकतं. नंतरच्या रात्री कशा गेल्या ते विचार. मनात मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचार, आडवळणाने नको. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं किंवा झोप बिघडलेली दिसली, तर त्याच्या डॉक्टरांना लगेच फोन, आणि तोवर त्याला एकट्याला सोडू नका. एकांकिका कुठे पळून जात नाही.

आता नाटक.

प्रेक्षक रडले म्हणजे कलंक कमी झाला, हा नाटकवाल्यांचा लाडका गैरसमज आहे. (मीही तरुणपणी असली दोन नाटकं केलीत, संहिता कुणाला दाखवत नाही.) प्रेक्षक रडतो, हळहळतो, आणि घरी जाताना सोबत काय नेतो? अशा माणसांचं शेवटी असंच होतं, एवढंच. उद्या हाच प्रेक्षक कुणाला नोकरीवर घेताना किंवा खोली भाड्याने देताना तेच आठवणार. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये वर्तमानपत्रांतल्या बातम्या तपासल्या. आत्महत्येच्या त्याच त्या बातम्या पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या की नंतर आत्महत्या वाढलेल्या दिसत होत्या. मनात तसे विचार येऊनही माणूस त्या दिवसांतून कसा निभावला, हे सांगणाऱ्या मजकुरानंतर मात्र त्या कमी झालेल्या दिसल्या. मोझार्टच्या ऑपेरात पापागेनो नावाचा एक पक्षी पकडणारा आहे. तो जीव द्यायला निघतो आणि तीन मुलं त्याला दुसरा मार्ग सुचवतात. संशोधकांनी या परिणामाला त्याचंच नाव दिलं. तुझ्या हातात असा निभावलेला माणूस आयता होता, आणि तू त्याला मारलंस.

दुसरी गोष्ट जरा जुनी आहे. लंडनच्या बेथलेम इस्पितळात अठराव्या शतकात लोक 'वेडे बघायला' हौसेने जायचे. ती गर्दी आवरायला १७७० उजाडावं लागलं. पुढे हायडेलबर्गच्या हान्स प्रिन्झहॉर्न या डॉक्टराने मनोरुग्णालयांतून रुग्णांची चित्रं जमवली, हजारोंनी, आणि १९२२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक काढलं. ही कला म्हणून बघा, असं त्याचं म्हणणं. युरोपातले चित्रकार ते पुस्तक बघून थक्क झाले. आणि त्याच संग्रहातली चित्रं नाझींनी आपल्या 'विकृत कले'च्या फिरत्या प्रदर्शनात आधुनिक चित्रांशेजारी टांगली, बघा, दोन्ही सारखीच वेडी, असं दाखवायला. चित्रं तीच, टांगणाऱ्याचा हेतू बदलला. म्हणून कला आपोआप कलंक पुसते यावर माझा विश्वास नाही. कोण दाखवतंय, कुणाला, आणि ज्याचं दाखवतोय तो माणूस कुठे उभा आहे, हे मी आधी बघते.

तुझ्या संहितेत तो मधोमध उभा आहे, अंगावर झोत घेऊन. आणि तू?

पात्रयादी मी दोनदा वाचली. भाऊ, आई, डॉक्टर, शेजारी. सगळ्यात खाली, 'बहीण (फक्त आवाज, विंगेतून)'. पान ९ वर शेजारी दारात येऊन विचारतात, 'भाऊ दिसत नाही हल्ली?' आणि विंगेतून आवाज येतो, 'बाहेरगावी असतो, नोकरीला.' दोन ओळी आणि ब्लॅकआउट. अख्ख्या संहितेत मला खरा घाम फुटला तो तिथे.

आमच्या काकांना वीस वर्षं 'पित्ताचा त्रास' होता. घरात कुणीही आलं की आधी काकांच्या खोलीचं दार ओढून घ्यायचं, हे मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं गेलं. काकांना काय झालं होतं ते मला चाळिशीत कळलं. दार मात्र मी ओढत होते. ते दार हा कलंक, काका नव्हे.

कलंक आजाऱ्यात नसतो, भोवतालच्या माणसांच्या जिभेवर असतो. त्याच्यावर नाटक लिही ना. केंद्रातला पहिला महिना, घरी कुणाला काय सांगायचं याची आईबरोबर बसून केलेली यादी, नातेवाईकांना एक, कामावर दुसरं. तो पाणी पीत असताना तू मागून पेल्याचा वास घेतलास का कधी? बहुतेक बहिणी घेतात. ते दाखव. तिथे तुला कुणाची परवानगी लागत नाही, कारण ती लाज तुझी आहे. आणि प्रेक्षकांत अशी लाज लपवणारी माणसं आजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. झोतातल्या 'रुग्णा'कडे बघून ती सुरक्षित बसतात. विंगेतल्या बाईला झोतात आणलंस तर ती खुर्चीत चुळबुळतील.

पान ९ दोन ओळींत संपवू नकोस. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलने याच कामासाठी एक प्रकार रूढ केला, फोरम थिएटर. प्रवेश एकदा नेहमीसारखा करायचा, चुकीच्या शेवटासकट. मग पुन्हा सुरू करायचा आणि प्रेक्षकांतल्या कुणीही 'थांबा' म्हणून मंचावर यायचं, त्या पात्राची जागा घ्यायची, वेगळं काही बोलून बघायचं. शेजारी दारात उभे आहेत, 'भाऊ दिसत नाही हल्ली?' आता बोल. 'केंद्रात आहे' म्हणायला गेलेल्या भल्याभल्यांची जीभ अडखळेल. कुणी जास्तच सांगून टाकेल, कुणी उलट शेजाऱ्यांवरच उखडेल. कुणीतरी शांतपणे म्हणेल, 'तो बरा होतोय, तुम्ही विचारलंत ते त्याला सांगते.' त्या वाक्यासाठी सहा आठवड्यांची तालीम वसूल.

संहितेतल्या काही गोष्टींवर मी पेन्सिल चालवलीय, रागावू नकोस. बाटली उघडण्याचा आवाज आणि पेला भरण्याची ती लांबलचक जागा काढ. दिग्दर्शकाला ती फार नाट्यमय वाटत असेल, पण प्रेक्षकांत व्यसन सोडून चार महिने झालेला कुणी बसला असेल तर तेवढ्या आवाजाने तलफ उठते. 'बेवडा' हा शब्द शेजाऱ्यांच्या तोंडी राहू दे, लोक तसंच बोलतात. डॉक्टरच्या तोंडी 'व्यसनी' घातलायस तो मात्र बदल, 'व्यसनाचा आजार असलेला माणूस' असं म्हणू दे. हे नुसतं सोवळं नाही. अमेरिकेत ५०० हून जास्त मानसोपचार करणाऱ्यांना एकाच माणसाचं वर्णन वाचायला दिलं, फरक एवढ्याच एका शब्दाचा. 'व्यसनी' छापाचा शब्द वाचलेल्यांनी दोष त्या माणसावर जास्त टाकला, शिक्षेकडेही त्यांचा कल जास्त. रोज याच लोकांत वावरणाऱ्यांची ही गत, मग आपलं काय? आणि वेडेपणा दाखवायला वापरलेली ती बासरी तर कृपा करून काढच.

प्रयोगानंतर अर्धा तास राखून ठेव. एखादा समुपदेशक हजर असू दे, कारण कुणीतरी कोपऱ्यात गाठून 'माझ्या नवऱ्याचं पण…' असं म्हणणारच. आणि या आजारातून गेलेला, स्वतःच्या मर्जीने बोलणारा एखादा माणूस मिळाला तर त्याला बोलू दे. मोठ्यांच्या मनातली अढी माहिती देऊन जेवढी सुटते त्यापेक्षा समोरासमोर गाठ पडल्याने जास्त सुटते, असं यावरच्या अभ्यासांतून एकत्रितपणे दिसलंय. तो माणूस तुझा भाऊच असला पाहिजे असं नाही. बहुतेक नसावाच.

आईला गप्प करू नकोस. 'चव्हाट्यावर' हा शब्द टोचतो खरा, पण उद्या नोकरीच्या मुलाखतीत कुणी 'ते नाटकातले तुम्हीच ना?' म्हणालं तर उत्तर तुला द्यायचं नाहीये, त्याला द्यायचंय. प्रेक्षक घरी जातात, ओळख मागे राहते. तिला तेवढंच म्हणायचं असेल.

त्याच्याकडे जाशील तेव्हा संहिता घेऊन जाऊ नकोस. 'मी तुला त्यात मारलं, ते चुकलं,' एवढं बोल आणि गप्प बस. त्याच्याकडून क्षमेची घाई नको. बऱ्याच दिवसांनी, त्याने विषय काढलाच तर सांग की नवीन नाटक तुझ्याबद्दल आहे, त्याचा चष्मा आणि त्याची पत्रं परत केलीस, आणि त्याला एखादी ओळ खटकली तर तालमीच्या शेवटच्या दिवशीही ती काढशील. आत्ता हो म्हणून नंतर नाही म्हणायची मुभाही त्याला हवी. त्याला स्वतःला काही लिहायचं, काढायचं असेल तर तो बघेल. 'तूही काहीतरी कर ना, बरं वाटेल' हे वाक्य तर अजिबात नको. माणसाला आजारातून उठून लगेच कलावंत व्हायची सक्ती नाही.

सहा आठवडे पुरणार नाहीत असं दिग्दर्शक म्हणेल. तारीख पुढे ढकला. आणि त्याला सांग, प्रकाशयोजना बदलावी लागेल, बहीण आता विंगेत नसेल.

तुझी,
ताई