माझे आजोबा लष्करात इंजिनिअर होते. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर पुस्तिका काढतोय, त्यात काय लिहावं?

तुमच्या प्रश्नात तुम्ही लिहिलंय, "ते प्रत्यक्ष लढले नाहीत, त्यामुळे सांगण्यासारखं फारसं नाही." हे वाक्य पुस्तिकेत येऊ देऊ नका.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, सुभेदार होते. त्यांच्या तेराव्याला काका सगळ्यांसमोर बोलले, "आमचा भाऊ पूल बांधायचा, लढणारे वेगळे." लोकांनी माना डोलावल्या. आई आतल्या खोलीत होती, तिने ऐकलं. मी त्या दिवशी गप्प बसले कारण घर दुःखात होतं. आता बोलते.

राम राघोबा राणे कोण होते? कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचेच. एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या युद्धात, नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि वाटेत सुरुंग होते, झाडं पाडून रस्ता अडवलेला होता. तोफांचा मारा सुरू झाला, त्यांच्या तुकडीतले दोघे गेले, ते स्वतः जखमी झाले. तरी रणगाड्याखाली सरपटत, ड्रायव्हरला दोरीने खुणा करत त्यांनी वाट काढून दिली. ८ ते ११ एप्रिल हेच चाललं होतं. हयातीत परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. आता सांगा, हे लढणं नाही तर काय? रणगाडा पुढे जातो तो सॅपरने आधी पोटावर झोपून जमीन तपासलेली असते म्हणून. १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात बसंतर नदीपाशीही सुरुंगांतून वाट करणारे सॅपर्सच होते.

आबा त्या १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर होते. कुठे, ते पत्रात कधी लिहिलं नाही. पत्ता फक्त ५६ एपीओ, म्हणजे लष्कराच्या टपाल कार्यालयाचा क्रमांक. पण त्या अंतर्देशीय पत्रांत काय असायचं! धान्याचं पिंप विटांवर कसं ठेवायचं, पत्रा गळतो तिथे डांबराची पट्टी कुठून कुठपर्यंत लावायची, सगळं पेन्सिलीने काढून, बाजूला मापं लिहून. आई ते चित्र भिंतीला लावून तसंच करायची. सुट्टीवर आले की हातात थापी. घरामागच्या ओढ्यावरचा साकव त्यांनी एका सुट्टीत बांधला. काकांच्या उसाच्या गाड्या आजही त्याच साकवावरून जातात.

सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत माणसं गेली आणि पुढच्या फेब्रुवारीत लष्कराने तिथे पादचारी पूल उभारून दिला, तो बॉम्बे सॅपर्सनी. आबांचे गुडघे तेव्हा पार गेले होते, तरी हट्ट धरला, मला दाखव. पुलावर माझ्या मुलीचा हात धरून त्यांनी तिची बोटं पुलाच्या पोलादी पॅनेलच्या जोडावर टेकवली. "हे पॅनेल दहा फुटी. सहा जण उचलतात. पिन पूर्ण बसली का, हे हाताने चाचपायचं, डोळ्यांवर विसंबायचं नाही. रात्री दिवा लावता येत नाही ना." मागून गर्दी ढकलत होती, ते जागचे हलले नाहीत. माझ्या मुलीला आजोबा कोण होते हे त्या दिवशी कळलं, पदकांवरून नव्हे.

म्हणून पदकांची यादी शेवटच्या पानावर टाका. आधी आजीला विचारा, ती आहे तोवर. ट्रंकेतली पत्रं काढा. त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांना फोन करा. घरात त्यांनी काय बांधलं, काय दुरुस्त केलं, त्याचे फोटो घ्या. आणि 'देशसेवेचे व्रत' वगैरे छापू नका, ते सगळ्याच पुस्तिकांत असतं.

एक सांगायचं राहिलं. सेवेचे कागद हवे असतील तर आधी ते कोणत्या गटात होते ते बघा. बॉम्बे सॅपर्सचं अभिलेख कार्यालय खडकीला, मद्रास सॅपर्सचं बंगळुरूला, बंगाल सॅपर्सचं रुरकीला. ईएमईत, म्हणजे लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात असतील तर सिकंदराबाद. हे जवान आणि जेसीओंचं (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) झालं, अधिकारी असतील तर दिल्लीला सैन्य मुख्यालयाकडे लिहावं लागतं. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनच्या कागदावरचा सेवा क्रमांक अर्जात घाला. वेळ लागतो, तेव्हा वर्षश्राद्ध जवळ असेल तर त्यासाठी थांबू नका.

आणि कुणी नातेवाईक पुस्तिकेत "ते लढले नाहीत" असं लिहून देत असेल, तर तो मजकूर सरळ परत करा.