गिअरबॉक्सचं विचारलंत, पण त्या 'एफडी'चं काय?

प्रश्न : वय ४१. सातपूर एमआयडीसीत सुपरवायझर आहे, हातात ६२ हजार येतात. घराचा हप्ता १९ हजार, कर्ज अजून १८ लाख बाकी. पत्नी घर सांभाळते, दोन मुलं शाळेत. २०१२ ची ऑटोमॅटिक हॅचबॅक २०२१ मध्ये सेकंडहँड घेतली. गाडी गरम झाली की द्वारका चौकात सिग्नल सुटल्यावर दोन सेकंद काहीच होत नाही, मग झटका देऊन निघते. चढावर इंजिन नुसतं ओरडतं, वेग वाढत नाही. फेब्रुवारीत व्हॉल्व्ह बॉडीच्या (गिअरबॉक्समधलं ऑइल फिरवून गिअर बदलणारा भाग) कामाला ४६ हजार घातले, क्रेडिट कार्डावर. दर महिन्याला मिनिमम भरतो, त्यामुळे ती चिंता नाही. आता सर्व्हिस सेंटर गिअरबॉक्स बदलायचे १ लाख ८० हजार सांगतं, बाहेरचे मेस्त्री ओव्हरहॉलचे ७० हजार. एवढे पैसे घातल्यावर गाडी सोडवत नाही. बँक १३.५ टक्क्यांनी २ लाखांचं पर्सनल लोन देतेय, घ्यावं का? बँकेतच एफडीसारख्या प्लॅनमध्ये २०२२ पासून वर्षाला १ लाख टाकतो, सातव्या वर्षी दुप्पट होतील. तीन हप्ते झाले, चौथा दिवाळीच्या बोनसमधून भरायचाय, म्हणून त्याला हात लावत नाही.
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : लोन घेऊ नका. २ लाख तीन वर्षांसाठी घेतलेत तर हप्ता ६,८०० च्या आसपास बसतो, फेड होते २ लाख ४४ हजार. तुमची गाडी ठणठणीत असती तरी दीड-पावणेदोन लाखांच्या वर कोणी मोजणार नाही. शिवाय २०२७ मध्ये तिची १५ वर्षांची नोंदणी संपते. मग आरटीओत फिटनेस, नूतनीकरण, वर हरित कर. हप्ते चालू असतानाच हे सगळं पुढ्यात येईल.

गाडीकडे परत येतो. पण तुमचं पत्र वाचताना मी थांबलो ते शेवटच्या दोन वाक्यांवर.

तो प्लॅन एफडी नाही. घरी गेल्यावर फाइल काढा आणि पहिलं पान वाचा. तिथे 'विमाधारक' असेल, 'प्रीमियम भरण्याचा कालावधी' असेल, बहुधा १० वर्षं. बँकेच्या काउंटरवर मिळाली म्हणून पॉलिसीची ठेव होत नाही. आणि सातव्या वर्षी दुप्पट? तुमचा पहिला हप्ता सात वर्षं राहणार, सातवा जेमतेम एक वर्ष. सरासरी चार वर्षं. चार वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला १७ टक्क्यांच्या वर. हमी देणारी कुठलीही पॉलिसी याच्या जवळपास जात नाही. पाच-साडेपाच टक्के सुटले तरी पुष्कळ, तेही शेवटपर्यंत थांबलात तर. ज्यांनी तुम्हाला हे तोंडी सांगितलं त्यांनी कागदावर लिहून दिलेलं नाही, हे तुम्हीच तपासून बघा.

याहून काळजीची गोष्ट त्याच पानावर सापडेल. १ लाख प्रीमियमच्या अशा पॉलिसीत विमा साधारण १० लाखांचा असतो. तुमचं गृहकर्जच १८ लाख आहे. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर त्या १० लाखांतून घरसुद्धा मोकळं होणार नाही, मुलांच्या शाळेचं तर सोडाच. घरात कमावणारे तुम्ही एकटे. गिअरबॉक्स गेला तर रिक्षा मिळते, सिटीलिंकची बस मिळते. विम्यातल्या या खड्ड्याला दुसरी सोय नाही.

म्हणून चौथा हप्ता भरू नका. आणि घाईघाईने सरेंडरच्या, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे परत घेण्याच्या, अर्जावर सहीही करू नका. तीन हप्ते पूर्ण झालेली अशी पॉलिसी बंद पडत नाही, 'पेड-अप' होते : पुढे भरायचं काही नाही, मिळणारी रक्कम त्या प्रमाणात कमी होते. तुमच्या वेळच्या नियमांत किमान सरेंडर रक्कम तिसऱ्या वर्षात भरलेल्या प्रीमियमच्या ३५ टक्के होती, चौथ्यापासून ५० टक्के. ३ लाखांवर हा फरक ४५ हजारांचा आहे. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा : पेड-अप ठेवली तर शेवटी किती, आणि चौथं वर्ष लागल्यावर सरेंडर केली तर किती. बँकेतून फोन येईलच, 'सर, एवढे भरलेत, आता मोडू नका.' गाडीबद्दल तुम्ही मला हेच लिहिलंय, जवळपास त्याच शब्दांत. गाडीत गेलेले ४६ हजार गेले. पॉलिसीतून जे परत मिळणार नाही, तेही गेलंय. पुढचा रुपया कुठे टाकायचा, एवढंच तुमच्या हातात आहे.

आता कार्ड. 'मिनिमम भरतो, चिंता नाही' या वाक्याने मला खरोखर वाईट वाटलं. महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज, त्यावर जीएसटी. पाच टक्के मिनिमम भरत राहिलात तर आठ महिन्यांत साडेसतरा हजार गेले आणि मूळ ४६ हजारांचे राहिले ४२. फक्त ४ हजार कमी! त्याच कार्डावर पेट्रोल भरत असाल तर त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतंय.

तर बोनसच्या १ लाखाची वाटणी अशी. ४२ हजारांनी कार्ड पूर्ण फेडा. वीस-बावीस हजारांत १ कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घ्या, आणि चौथ्या हप्त्याची तारीख उलटण्याआधी तो हातात येऊ द्या. अर्जात बीपी, शुगर, तंबाखू, काही लपवू नका. गाडीला १० हजारांची मर्यादा. उरलेले बचत खात्यात राहू द्या, ती तुमची पहिली गंगाजळी.

१० हजारांत गाडीचं काय होईल? बरंच कळेल. माझ्या जुन्या ऑटोमॅटिकच्या वेळी मुंबई नाक्याजवळच्या एका मेस्त्रींनी गिअर ऑइलचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर सोडला होता. लालसर, तपकिरी असेल तर आशा आहे. काळं, जळका वास येणारं आणि बोटाला कचकच लागणारं असेल तर आतल्या क्लच प्लेटा झिजल्यात. बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंगही बघायला सांगा, तेवढ्यानेही या गाड्या वेड्यासारख्या वागतात. फेब्रुवारीचं बिल काढा : तेव्हा ऑइल बदललं होतं का, कंपनीने सांगितलेलंच भरलं का, त्या कामाची वॉरंटी कधीपर्यंत. ऑइल बदलायचं तर साधं काढून भरा. मशीनने फ्लश करू देऊ नका, जुना गिअरबॉक्स त्यानंतर जास्तच घसरू शकतो.

प्लेटाच गेल्या असतील तर ७० हजारांचं ओव्हरहॉल तसा मूर्खपणा नाही. तीन वर्षं चाललं तर महिन्याला दोन हजार पडतात. पण हे रोख पैसे असणाऱ्याचं गणित आहे, आणि कामाची गॅरंटी नीट लेखी मिळाली तरच. तुमच्याकडे आज रोख नाही. तेव्हा दोष न लपवता गाडी आहे तशी विका, ८०-९० हजार आले तरी घ्या, आणि वर्षभर स्कूटर आणि कंपनीच्या बसवर काढा.

मेस्त्रींकडे जाल तेव्हा गाडी आधी त्र्यंबक रोडवर अर्धा तास चालवून, चांगली गरम करून न्या. सकाळी घरातून थेट नेलीत तर ती त्यांच्यासमोर एकही झटका देणार नाही.