चांगले दिवसही डॉक्टरांना सांगा

प्रिय भगिनी,
सप्रेम नमस्कार.

फोंड्याहून आलेले तुमचे पत्र काळजीपूर्वक वाचले. चवथीच्या तोंडावर शेजारपाजारच्या नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, ऑर्डरी अंगावर घेऊन, रात्री जेमतेम चार तास झोपून तुम्ही सगळे तडीस नेले. पुढच्या पंधरवड्यात मात्र पैसे द्यायला आलेल्या बायकांना दार उघडणेही तुमच्या जिवावर आले. कॉलेजपासून हेच चालले आहे, घरचे ‘लहरी’ म्हणून मोकळे होतात, आणि हा स्वभाव की आजार, असे तुम्ही विचारता.

पत्रावरून निदान करता येत नाही, परंतु हे वर्णन सायक्लोथायमिया या विकाराशी बरेच जुळते, आणि त्या दृष्टीने तपासणी व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे. यात उत्साहाचा भर उन्मादापर्यंत पोचत नाही आणि खिन्नताही तीव्र नैराश्याइतकी खोल जात नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे स्वभाव म्हणून खपून जातो. प्रौढांमध्ये हे चढउतार किमान 2 वर्षे चाललेले असावेत, त्यातला निदान निम्मा काळ लक्षणांचा असावा आणि सलग 2 महिन्यांहून अधिक काळ मन पूर्ण स्वस्थ राहिलेले नसावे, असा निकष आहे. काही जणांत पुढे बायपोलर विकार, म्हणजे उन्माद आणि नैराश्याची अधिक तीव्र आवर्तने येणारा आजार, उद्भवतो. तेव्हा दुर्लक्ष नको.

गेल्या वर्षी नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्यावर झोप उडाली आणि चिडचिड वाढली, हे तुम्ही ओझरते लिहिले आहे. माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच. तुम्ही डॉक्टरांना अंथरुणातून उठवत नाही एवढेच सांगितलेत, नेवऱ्यांच्या त्या उत्साही दिवसांचे सांगितले नाहीत, कारण ते दिवस कोणालाच दुखणे वाटत नाहीत. अशा विकारात नुसती नैराश्याची गोळी कधीकधी मनाला उलट्या टोकाला ढकलते. मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधे वेगळी असतात. मात्र चालू गोळी स्वतःहून बंद करू नका. थायरॉइडची तपासणीही सांगून करून घ्या.

आजपासून एका वहीत रोज झोपेची वेळ, उठण्याची वेळ आणि मनाची स्थिती दोन शब्दांत लिहा. झोपेची वेळ चवथीतही मोडू नका, कारण जागरण हे या चढउतारांना नेमके चिथावणी देते. ती वही घेऊन बांबोळीच्या मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जीव नकोसा वाटला, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही दिवसरात्र चालू असतो.

पतींना सोबत न्या. उत्साहाच्या दिवसांत तुम्ही किती बोलता, किती खर्च करता, कशावरून खटके उडतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा अधिक नेमकेपणाने सांगता येईल.