शाळेचे सीन कापू नकोस

अरे,

तुझ्या सुपरहिरोच्या फिल्मची स्क्रिप्ट वाचली, खालचा मेसेज पण वाचला. "बाई, सगळे म्हणतायत शाळेचे सीन बोर होतात, काढले तर फिल्म पंधरा मिनिटांत बसते आणि फायटिंगला जागा मिळते. काढू का?" नाही. एकही काढायचा नाही. एवढंच लिहून थांबले असते, पण तू परत त्या मित्रांमध्ये जाऊन बसणार आणि रात्रीत मत बदलणार, म्हणून सविस्तर लिहितेय, पूर्ण वाच.

तुला 'स्पायडरमॅन: होमकमिंग'सारखं करायचंय ना, मग तो सिनेमा नीट आठव. 2017 चा, जॉन वॉट्सचा. शेवटची विमानावरची मारामारी तुला कितीशी आठवते? मला तर फारशी नाही आठवत, अंधारात कोण कुठे लटकलंय तेच कळत नाही. पण गाडीतला सीन? पीटर, म्हणजे मास्कमागचा स्पायडरमॅन, शाळेतल्या लिझला डान्सला न्यायला तिच्या घरी जातो, दार उघडतं आणि समोर तिचा बाप, म्हणजे तोच पंखवाला व्हिलन ज्याच्याशी हा सिनेमाभर भिडतोय. मग तोच बाप दोघांना गाडीतून सोडायला निघतो. लिझ सहज बोलत राहते, की हा पार्टीतून मधेच गेला, वॉशिंग्टनला पण आयत्या वेळी गायब झाला, आणि बाप आरशातून मागे बसलेल्या पोराकडे बघतोय, बघतोय, आणि त्याला कळतं. सिग्नल हिरवा होतो तरी गाडी हलत नाही. एक ठोसा नाही की स्फोट नाही, आणि अख्ख्या सिनेमात सगळ्यात जास्त भीती तिथे वाटते.

आता सांग, हा सीन उभा कशावर आहे? शाळेवर. पीटरने क्विझची टीम सोडली, परत आला, फायनलला पोचलाच नाही, पार्टीतून पळाला, हे तुझे "बोर" सीन आधी आलेच नसते तर लिझकडे त्या गाडीत बोलायला काय होतं? त्या बापाला पुरावा मिळाला तो हजेरीपटातून. मी आयुष्यभर हजेरी घेतलीये, पोरगं कुठल्या दिवशी नव्हतं त्यावरून त्याच्या घरात काय चाललंय ते कळतं, म्हणून हा सीन बघताना माझ्या अंगावर काटा आला. तुझे मित्र म्हणतात हजेरीचा सीन काढ. काढ आणि बघ काय उरतं ते.

आणि हे आजचं नाही. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटकोने 1962 साली हा स्पायडरमॅन काढला तेव्हा कॉमिक्समध्ये त्याच्या वयाची पोरं बहुतेक मोठ्या हिरोच्या मागे धावायलाच असायची. त्यांनी शाळेतल्या पोरालाच हिरो केलं, चष्मेवाला, वर्गात चेष्टा होणारा. पीटरचं काम करणारा टॉम हॉलंड तर शूटिंगच्या आधी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स सायन्स शाळेत खोट्या नावाने काही दिवस वर्गात बसून आला होता. एवढा पैसा, एवढे कॉम्प्युटर, आणि तरी त्याला वर्गात जाऊन बसायला लागलं. तू तर बारा वर्षं त्याच वर्गात होतास, तुला कुठे जायची गरज नाही, आणि तूच तो वर्ग कापायला निघालास!

तुझा हिरो उडतो. ठीक आहे. मग तो एसटीचा पास का काढतो? हे लिही. कारण सकाळच्या गाडीला तो दिसला नाही तर कंडक्टर विचारणार, कंडक्टरने विचारलं की चहावाल्याला कळणार आणि दुपारपर्यंत त्याच्या आईला. तू स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाकलीयेस, "कुणालाच माहीत नाही मास्कमागे कोण आहे." अरे, कोकणात? आपल्या नमन-खेळ्यांच्या नाटकात संकासुर येतो, काळा अंगरखा, तोंड झाकलेलं, आणि दुसऱ्या रांगेतली म्हातारी चालीवरून सांगते हा कुणाचा कोण ते. तळकोकणात दशावतारातल्या माणसाबद्दल म्हणतातच, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. पहाटेपर्यंत तलवार फिरवणारा राजा सकाळी बाजारात ओझं उचलताना दिसतो आणि कुणी त्याचं गुपित फोडत नाही, कारण सगळ्यांना माहितीच असतं. अख्ख्या वाडीला माहितीये आणि कुणीच बोलत नाही, असा सुपरहिरो मी तरी पडद्यावर पाहिलेला नाही. तुझ्या हातात आहे तो. तू न्यूयॉर्कचं गुपित आणून इथे चिकटवतोयस.

मार्कांचं बघ. तुझा हिरो दहावीत नापास होतो आणि तू ते एका ओळीत उडवलंस. कोकण बोर्ड 2012 ला सुरू झालं तेव्हापासून दहावीत आपला विभाग राज्यात पहिला येतो, 2024 ला 99.01 टक्के निकाल होता. म्हणजे शंभरातली नव्व्याण्णव पोरं पास होतात आणि तो उरलेला एक तुझा हिरो आहे, आणि का नापास झाला ते तो कुणाला सांगू शकत नाही! पेपरच्या दिवशी खाडीत कुणालातरी काढायला गेला होता, पेपर बुडाला, आणि घरी बाप काय ते बोलतोय आणि हा मान खाली घालून ऐकतोय. याच्यापुढे तुझा वीस मजली टॉवर काय करणार? तुझ्या तालुक्यात सहावा मजला शोधायला लागतो, टॉवर आणलास कुठून? होमकमिंगमध्येच बघ, पीटर शहराबाहेरच्या बंगल्यांच्या वस्तीत येतो आणि जाळं चिकटवायला उंच काही नाही, म्हणून गोल्फच्या मैदानावरून नुसता पळत सुटतो. जागा हिरोला अडवते तेव्हा तो खरा वाटतो. फेरीबोटीचा सीन पण तुला हवाय, चालेल, दाभोळ-धोपावे फेरी आहेच, पण ती दोन तुकडे करायच्या मागे लागू नकोस. पीटरने बोट जाळ्याने बांधली, सूटमधला आवाज म्हणतो 98 टक्के यशस्वी, आणि राहिलेल्या दोन टक्क्यांनी बोट फाटते. ते दोन टक्के लिही. ते गणिताच्या पेपरात पण लिहिता येतात, त्याला व्हीएफएक्स लागत नाही.

तुझा व्हिलन मला बिलकुल आवडला नाही. कोट घालून हसतो नुसता. लिझच्या बापाचं काय होतं? मोडतोड उचलायचं कंत्राट होतं, त्यासाठी त्याने पैसे घातले होते, सरकारी खात्याने येऊन एका दिवसात काढून घेतलं. आता आपल्याकडे बघ. एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासे ओढायच्या मासेमारीवर 2017 सालीच केंद्राने बंदी आणली, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतोच आणि छोट्या होडीवाल्याचं जाळं रिकामं येतं. असा एक बाप, वर्षानुवर्षं नियमाने वागलेला, कर्जात गेलेला, शेवटी तोच रात्री दिवे लावून निघतो. त्याची मुलगी हिरोच्या बाकावर. आणि जून-जुलैत मासेमारी बंद म्हणजे नेमकी शाळा सुरू होते तेव्हा हा माणूस दिवसभर घरी, डबा द्यायला शाळेच्या फाटकावर येणारा. याला शाळेशिवाय कसा लिहिशील? नाहीच लिहिता येणार. म्हणून म्हणतेय कापू नकोस.

माझी एक एकांकिका होती. दहावीतली मुलगी, उधाणाचं पाणी कुठपर्यंत येणार ते तिला आधी दिसायचं, म्हणून ती सारखी खिडकीतून बाहेर बघायची आणि सारखी वर्गाबाहेर उभी राहायची. गॅदरिंगला पोरांनी केली, गावाने उचलून धरली. मग पुण्यातल्या एका ग्रुपने विचारलं. छान आहे म्हणाले, पण शाळा नको, कॉलेज करा, लव्हस्टोरी घाला, आणि हे गाव कुणाला कळणार, पुणं करा. पुण्यात कुठलं उधाण? मी नाही म्हटलं. पुढे ती कुठेच झाली नाही. वाईट वाटतं, अजून वाटतं, त्यातली वाक्यं रात्री आपोआप आठवतात आणि वाटतं एकदा मोठ्या स्टेजवर, नीट लाईटमध्ये बघायला मिळायला हवी होती. माझ्या बरोबरच्या ज्यांनी हो म्हटलं त्यांची नावं पेपरात येतात. येऊ देत. त्या मुलीला वर्गातून उचलली असती तर तिला बाहेर उभं कुणी केलं असतं, आणि बाहेर उभी नसती तर तिला समुद्र दिसला असता कुठून? उद्या कुणी परत विचारलं तरी मी तेच सांगेन, आणि मला हट्टी म्हणणाऱ्यांनी ती मुलगी पाहिलेली नाही, मी पाहिलीये.

तुझ्यावर चिडले असं समजू नकोस. तुझा प्रॅक्टिकलचा सीन, जिथे त्याच्या हातातली परीक्षानळी फुटते आणि तो रक्त लपवायला हात खिशात घालतो, तो मी दोनदा वाचला. असं लिहिणाऱ्या पोराने मित्रांना विचारत बसू नये.

आता काम. टॉवर काढ. नापासाचा सीन दोन पानं कर. व्हिलनला मुलगी दे, नाव दे, कर्ज दे. लॅबचा सीन आहे तसा ठेव. रविवारी दुपारी ये, आणि प्रिंट काढून आण, मोबाईलवर मी वाचणार नाही.

तुझ्या बाई