वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यातला बँड

प्रश्न : आमच्या गावात सोळा जणांचा बँड आहे. वाद्ये देवस्थानाच्या पैशांतून घेतलेली असून ती गावाच्या मालकीची आहेत. आषाढी एकादशीनंतर ती देवळाच्या माळ्यावर जातात आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात खाली येतात. दर वर्षी तीन-चार ट्रंपेटची बटणे अडकलेली असतात आणि वादकांचा दमही दोन दिवसांत संपतो. वर्षाची आखणी कशी करावी? – एक वादक, खानापूर तालुका

उत्तर : बहुतेक बँड आपले वर्ष तुळशीच्या लग्नापासून मोजतात, कारण लग्नाच्या सुपाऱ्या तेव्हापासून येऊ लागतात, माझ्या मते मात्र बँडचे वर्ष आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. चातुर्मासात लग्ने नसतात आणि आपल्या भागात पाऊस लागलेला असतो, म्हणून वाद्ये माळ्यावर टाकली जातात. नळीत राहिलेली थुंकी आणि बाहेरची दमट हवा मिळून पितळेवर हिरवट कळंक चढवतात, आणि जेमतेम सरकण्यापुरती जागा ठेवून बसवलेला पिस्टन, म्हणजे बटणाखालची दांडी, मग जागचा हलत नाही. आपली बटणे भाद्रपदात अडकलेली दिसतात, पण ती आषाढातच अडकलेली असतात.

म्हणून माळ्यावर ठेवण्यापूर्वी प्रत्येक ट्रंपेट पूर्ण उघडावा. पिस्टनवर बहुधा एक, दोन, तीन असे आकडे कोरलेले असतात. ते आपापल्याच घरात परत गेले पाहिजेत, नाहीतर फुंकलेली हवा आतच अडते. नळ्या कोमट पाण्याने धुवाव्यात, उकळत्या पाण्याने नव्हे, कारण त्याने वरचे लॅकर, म्हणजे चकाकीचा लेप, निघते. देवाची भांडी घासायची चिंच आणि राख या वाद्यांना लावू नये: चिंचेचा आंबटपणा धातू खातो आणि राखेचे बारीक ओरखडे पिस्टन कायमचा सैल करतात. सावलीत पूर्ण सुकल्यावर पिस्टनला व्हॉल्व ऑइल आणि सरकत्या नळ्यांना ग्रीस लावावे. खोबरेल कधीही घालू नये. उमेदवारीच्या काळात मी ते घातले होते. तुळशीच्या लग्नाच्या रात्री थंडी पडली, तेल थिजले आणि दुसरे बटण दाबले ते वर आलेच नाही. साधारण चोवीस अंशांखाली खोबरेल गोठते, आणि आपल्याकडची हिवाळ्यातली रात्र त्याहून बरीच थंड असते, हे मला त्या दिवशी कळले.

दमाविषयी सांगायचे तर फुप्फुसांच्या आधी ओठ थकतात. दोन महिने न वाजवलेला ओठ सैल पडतो आणि मग वादक वरचा सूर काढण्यासाठी माऊथपीस दातांवर दाबू लागतो, त्यामुळे ओठ सुजतो व सूर फाटतो. म्हणून वाद्य माळ्यावर गेले तरी माऊथपीस प्रत्येकाने घरी न्यावा. पाऊस कोसळत असताना शेतावर जाता येत नाही, अशा संध्याकाळी वीस मिनिटे नुसते लांब सूर धरावेत. गाणे वाजवण्याची घाई करू नये. आठवड्यातून एकदा देवळात सर्वांनी वाद्यांसह बसावे, म्हणजे बटणेही हलती राहतील. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे लष्करी बँडमधून निवृत्त झालेला एखादा वादक आपल्या पंचक्रोशीत असण्याचा संभव आहे. तो असेल तर त्याला मानाने बोलवावे. श्वास कुठे घ्यायचा हे पुस्तकापेक्षा त्याच्यासमोर बसून लवकर कळते.

गणपतीनंतरचा पितृपंधरवडा नव्या चालींसाठी राखून ठेवावा, कारण त्यात सुपारी येत नाही. पुढे दसरा, तुळशीचे लग्न, मार्गशीर्षातली लग्ने, पौषातली विश्रांती, माघी पौर्णिमेची चिंचलीच्या मायाक्काची यात्रा आणि वैशाखात बेळगावातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असा क्रम आपणास माहीतच आहे. रात्री दहानंतर वाजवण्यास कायद्याची मनाई असल्याने वरातीची वेळ इसार घेतानाच ठरवावी. शिवाय प्रत्येक सुपारीतून माणसांच्या वाट्यांबरोबर वाद्यांचाही एक वाटा काढावा. गावाचे वाद्य म्हणजे कोणाचेच नाही, असे झाले की त्याचे हाल होतात.

प्रश्न : पहाटेच्या मुहूर्ताला आमचे ट्रंपेट कीबोर्डशी जुळत नाहीत, पण दुपारी जुळतात. कीबोर्ड बिघडला आहे का? – निपाणी

उत्तर : कीबोर्ड ठीक आहे. थंड हवेत नळीतला सूर उतरतो आणि उन्हात चढतो. कीबोर्डचा सूर मात्र जागेवरच राहतो. ट्रंपेटचा मोकळा सा, म्हणजे एकही बटण न दाबता लागणारा, काळी पाचचा (कीबोर्डवरच्या पाचव्या काळ्या पट्टीचा) असतो. तो पहाटे थोडा खाली लागतो म्हणून वादक घाईने सूर जुळवायची सरकती नळी आत दाबतात आणि अर्ध्या तासाने तेच वाद्य चढे होते. आधी दहा मिनिटे वाद्यात हलकेच उबदार फुंकर घालावी, मगच सूर जुळवावा. वैशाखातल्या दुपारी नळी थोडी बाहेर ओढावी लागते. वाद्य वाजवत नसताना ते उन्हात तापलेल्या गाड्यावर ठेवू नये.

प्रश्न : हुक्केरीकडच्या लग्नात कन्नड गाणी मागतात. काही सहकारी ती बसवायला तयार नाहीत. – चिकोडी तालुका

उत्तर : आपले मराठीपण जपणाऱ्यांची भावना मी समजतो, मीही याच सीमाभागात वाढलो. परंतु मांडव वधूच्या घरचा असतो, आणि तिच्या आजीला जे सूर लहानपणापासून ठाऊक आहेत ते त्या दिवशी तिला ऐकू आले पाहिजेत. तुकोबांचे अभंग आणि पुरंदरदासांची पदे दोन्ही एकाच विठ्ठलापाशी जातात, त्यामुळे सुरुवात तेथून केली तर सहकाऱ्यांनाही जड जाणार नाही. शब्द नीट समजल्याशिवाय चाल बसवू नका. कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याकडून ओळ न् ओळ म्हणून घ्या, कारण शब्द जिथे तुटतो तिथेच श्वास घ्यायचा असतो. यंदाच्या पितृपंधरवड्यात दोन पदे बसवून पाहा.